गृहचर्चा : टांके मोजा, मग पैसे मोजा

दिवाळी सरून थंडीची चाहूल लागली कीं पुण्यांतील घरोघरीं माळ्यावरचीं पांघरुणें उन्हांत येतात. त्यांत दुकानांतल्या रजया असतात, ब्लँकेटें असतात. पण तापानें फणफणलेल्या मुलाला हवी असते ती आजीच्या लुगड्याची गोधडीच. या गोधडीविषयीं, आणि तिच्या निमित्तानें आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयीं, या महिन्यांत वाचकांशीं चार शब्द बोलावे असें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या मातोश्री निवर्तल्या त्यास गेल्या आषाढांत वर्ष झालें. वर्षश्राद्ध आटोपल्यावर त्यांचीं नऊवारी सुती लुगडीं कपाटांतून निघालीं. धाकट्या वहिनी म्हणाल्या, बोहारणीस देऊन एखादें पातेलें घ्यावें. थोरल्या वहिनींना त्या लुगड्यांवर भांडें घेणें कसेंसेंच वाटलें. मुलींपैकीं प्रत्येकीस काळी चंद्रकळा हवी होती, आणि चंद्रकळा तर एकच! दोन दिवस घरांत कोणी कोणाशीं धड बोललें नाहीं. अखेर आत्याबाईंनीं निकाल दिला : “कपाटांत कोणाच्याच नको. गोधड्या शिवून घ्या. वहिनीची ऊब सगळ्यांस सारखी मिळेल.”

आमचें बिऱ्हाड मार्केट यार्डापासून हांकेच्या अंतरावर. तेथील वस्तींतल्या एक मावशी गोधड्या शिवून देतात असें कळलें. त्यांच्या यजमानांनीं भुसार बाजारांत उभा जन्म पोतीं वाहिलीं. मावशी सुनेस बरोबर घेऊन आल्या, लुगडीं उलगडून पाहिलीं आणि मजुरी सांगितली. आम्ही सहज बोलून गेलों, “मावशी, कापड आमचें, मग नुसत्या शिलाईचे इतके?” त्या रागावल्या नाहींत. लुगड्यावरून हात फिरवीत एवढेंच म्हणाल्या, “दादा, टांके मोजा, मग पैसे मोजा.”

आमचा पुतण्या चिकित्सक. त्यानें खरोखरच फूटपट्टी आणली. नऊ वार म्हणजे २७ फूट. लुगड्याचे चार थर केले कीं पावणेसात फूट लांब आणि सुमारें चार फूट रुंद अशी एका माणसाची गोधडी होते. अर्ध्या इंचावर एक ओळ धरल्यास चार फुटांत ९६ ओळी बसतात. एक ओळ ८१ इंचांची, म्हणजे एकूण ७,७७६ इंच, अर्थात् २१६ वार! ज्या लुगड्याची गोधडी, त्याच्या २४ पट लांबीचा धांवदोरा. ओळी सरळ घाला, कीं काठाकडून मध्याकडे फेर घेत जा, हिशेब जवळजवळ तोच. इंचास दोन टांके धरले तरी १५,५५२ टांके. मिनिटास वीस टांके पडले तर सुमारें १३ तास नुसती सुई चालावयाची. थर अंथरणें, कच्चे टांके घालणें, दोरा ओंवणें, ताठलेली पाठ सरळ करणें हें सारें निराळेंच.

आम्ही निरुत्तर झालों, आणि खरें सांगावयाचें तर ओशाळलोंहि. मावशींच्या यजमानांनीं किती पोतीं उचललीं हें बाजारांत मोजलें जाई. बाबा आढाव यांच्यासारख्यांनीं हमालांची संघटना बांधली, १९६९ सालीं माथाडी कायदा झाला, आणि पाठीवरच्या ओझ्याला दर, भविष्यनिर्वाह निधि व रजा यांचा आधार मिळाला. त्याच घरांतील सुईची मजुरी मात्र आमच्या ओसरीवरील घासाघिशीवर सोंपविलेली! भाजीवालीशीं एका जुडीसाठीं वाद घालण्याची आपली संवय येथें किती अन्यायाची होते, याचा विचार आम्हीं पूर्वीं कधींच केला नव्हता.

या कामास मोल नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत गरीब कृष्णवर्णी स्त्रिया शेतावरच्या फाटक्या कपड्यांतून अशींच पांघरुणें शिवीत असत. १९६६ सालीं त्या भागांतील स्त्रियांनीं आपली सहकारी संस्था काढली. २००२ सालीं त्यांच्यापैकीं जीज बेंड या खेड्यांतील गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत मांडल्या गेल्या, आणि २००६ सालीं त्या देशाच्या टपाल तिकिटांवर झळकल्या. आपल्याकडेहि गीता खंडेलवाल यांनीं महाराष्ट्रांतील गोधड्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. परक्यांनीं वाखाणल्यावरच आपल्या माळ्यावरची वस्तू आपणांस दिसावी, असें कां व्हावें?

म्हणून आमची एक सूचना आहे. प्रत्येक मोठ्या घरानें, किंवा एका इमारतींतील चार घरांनीं मिळून, या थंडींत चार रविवार गोधडीस द्यावे. १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन निघालें तेव्हां आपल्या आज्या-पणज्या शिवण शिकण्यासाठीं घराबाहेर पडल्या. आतां शिकविणारी आपल्या दारापाशींच आहे. तिला बोलवावें, पाटावर बसवावें आणि शिकविण्याचा मोबदला शिलाईहून वेगळा द्यावा. पुरुषमंडळींनींहि सुई धरण्यास लाजूं नये.

मावशींनीं आम्हांस सांगितलेल्या चार गोष्टी येथें देतों. कापड जुनें, सुती व स्वच्छ धुतलेलें असावें. नवें कापड जुन्यास जोडूं नये. तें धुतांना आटतें व शेजारचें जीर्ण कापड फाडतें. विरलेला भाग आंतल्या थरांत घ्यावा, धड भाग वर ठेवावा. थर अंथरल्यावर मधून काठांकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्या, मग कच्चे टांके घालून धांवदोरा धरावा. दोरा ओढून घट्ट करूं नये, गोधडी आंखडते.

मजुरी आम्हीं मावशींनीं सांगितली तीच दिली. ती दिली यांत आमचा मोठेपणा नाहीं; ती त्यांचीच होती. आणि चंद्रकळेचा तंटा? तोहि त्यांनींच सोडविला. “ही एकट्या कोणाला कशाला?” म्हणून त्यांनीं तिचे चौकोनी तुकडे केले आणि प्रत्येक गोधडीच्या चारी कोपऱ्यांस एकेक लावला. आतां रात्रीं पांघरूण ओढतांना ज्याच्या त्याच्या हातीं प्रथम येतो तो आईच्या चंद्रकळेचा कोपरा. थोरल्या आणि धाकट्या वहिनी सध्यां एकाच गोधडीच्या दोन बाजूंस बसून टांके घालीत आहेत. त्यांचें बोलणें आम्हांस येथवर ऐकूं येत आहे.