येळवशीच्या सकाळी एक शिवारफेरी

येळवस आठ दिवसांवर आली आहे. मार्गशीर्षातली ही अमावास्या म्हणजे धाराशिव, लातूर आणि सोलापूरच्या काही भागातला शेताचा सण. त्या दिवशी गाव ओस पडते आणि शिवार भरते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी राहते, तिच्यात पांडव मांडून पूजा होते. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे यांचा बेत असतो. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली पोरेसुद्धा या एका दिवसासाठी गावी येतात. जेवण झाले की मोठी माणसे झाडाखाली आडवी होतात, पोरे फांदीला झोका बांधतात आणि दिवस कधी मावळला ते कळत नाही.

यंदा या दिवसात एका तासाची भर घालावी, एवढेच आज सांगायचे आहे. स्वयंपाकाची गडबड सुरू होण्याआधी, तांबडे फुटायच्या वेळी, घरातले एक म्हातारे माणूस आणि दोन पोरे बरोबर घेऊन आपल्याच शिवारातून एक फेरी मारावी. हातात औत नको, पाठीवर पंप नको. नुसती पाखरे बघायची.

शिवारफेरी हा शब्द आपल्याला नवा नाही. पाणलोटाचा आराखडा करायचा असला की सरकारी माणसांबरोबर शिवारफेरी निघते. बंधारे मोजतात, शेततळी मोजतात, विहिरींची पाणीपातळी लिहून घेतात. पाखरे कोणी मोजत नाही. पाखरे बघायची म्हणजे नान्नजच्या माळावर नाही तर येडशीच्या रामलिंग अभयारण्यात जायचे, असे आपण धरून चालतो. राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अलींचा. चितमपल्ली तर आपल्या शेजारच्या सोलापूरचे. सप्ताहात शाळांतून भाषणे होतात, चित्रे काढली जातात. पण ज्या पाखराचे चित्र पोरगे काढते, ते त्याच्या बापाच्या बांधावर बसलेले असते, हे त्याला कोणी दाखवत नाही.

आता फेरीला सुरुवात करू. गावाबाहेर पडायच्या आधीच पहिले पाखरू भेटते. पडक्या वाड्याच्या भिंतीच्या भोकातून पिंगळा डोळे वटारून बघत असतो. त्याची रात्रपाळी संपलेली असते. पहाटे दारावर येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याला नाव मिळाले ते याच पाखरावरून. लोक त्याला अशुभ म्हणतात. पण रात्रभर किडे आणि उंदराची पिल्ले टिपणारा राखणदार अशुभ कसा?

पांदणीला लागले की बोरी-बाभळींतून तित्तर ओरडतो. गवतावर दव असते, कोळ्याची जाळी मोत्यांनी भरलेली दिसतात. ओढ्याच्या डबक्यात धोबी शेपटी हलवत फिरतो. तो हिवाळ्यापुरता उत्तरेकडून आलेला पाहुणा आहे. काठावरच्या वाळक्या फांदीवर खंड्या ध्यान लावून बसलेला असतो. जुन्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे रिकामे खोपे लोंबत असतात. पोरांना इथे थांबवून सांगा, की नाव सुगरणीचे असले तरी घर विणतो तो नर. घर मादीला पसंत पडले तरच संसार सुरू होतो. आणि पाण्यावर झुकलेलीच फांदी का, तर साप आणि मांजर तिथपर्यंत सहज पोचू नये म्हणून. एवढे शहाणपण कोणत्या शाळेत मिळते?

पुढे विजेच्या तारेवर ओळीने वेडे राघू बसलेले दिसतील. त्यांच्यापासून जरा अंतर राखून नीलपंख बसतो. बसलेला असताना साधा दिसतो, पण उडाला की पंखांतला निळा रंग पाहून लहान पोर हमखास टाळी वाजवते. माळाकडे नजर टाकली तर जमिनीपासून हातभर उंचीवरून भोवत्या हा शिकारी पक्षी तरंगत जाताना दिसतो. तो पार मध्य आशियातून येतो आणि आपल्या माळावरच्या नाकतोड्यांवर हिवाळा काढतो. माळावर पाय ठेवला की चंडोल गात गात वर चढतो आणि टिटवी आरडाओरड करून सगळ्या रानाला जागे करते. हे सगळे बघायला तिकीट लागत नाही.

पण आपण शेतकरी माणसे. नुसते बघून पोट भरत नाही, हेही खरे. मागच्या वर्षी एका गावात हरभऱ्याच्या रानात मी पक्षीथांब्यांविषयी सांगत होतो. एक आबा हसून म्हणाले, "साहेब, अळीचं औषध सांगा. पाखरांचं काय घेऊन बसलात?"

मी म्हटले, "आबा, जरा गप बसू इथंच. तुमचा गडी कामावर आलाय, तो बघू."

बांधावरच्या बाभळीवर कोतवाल बसला होता. काळा कुळकुळीत, शेपटी दुभंगलेली. तो झाडावरून झेपावायचा, हरभऱ्यात उतरायचा आणि चोचीत काहीतरी घेऊन परत फांदीवर जायचा. आबांनी बोटावर मोजायला सुरुवात केली. दोन्ही हातांची बोटे संपली तेव्हा म्हणाले, "ह्याला हजेरी कोण देतं?"

हिशेब सरळ आहे. घाटेअळीची एक अळी आपल्या आयुष्यात ३० ते ४० घाटे पोखरते. कोतवाल, साळुंकी, गायबगळा, वेडा राघू ही सगळी किड्यांवर जगणारी पाखरे आहेत. त्यांना फक्त बसायला जागा पाहिजे. हरभऱ्यात एकरी २० पक्षीथांबे लावा. दोन काठ्या इंग्रजी टी अक्षरासारख्या बांधल्या आणि पिकापेक्षा फूट-दीड फूट उंच रोवल्या की काम झाले. पुढच्या वर्षी हरभरा पेरताना बियाण्यात हेक्टरी २०० ग्रॅम ज्वारी मिसळली, तर तीच ताटे पाखरांना बसायला होतात. त्याचा खर्च जवळपास काहीच नाही.

फवारणी करूच नका, असे मी म्हणत नाही. फवारणीच्या आधी मोजा, असे म्हणतो. रानात पाच ठिकाणी एक-एक मीटर ओळ तपासावी. मीटरला एक-दोन अळ्या सापडल्या तर फवारणीची वेळ आली असे समजावे. अळ्या लहान असतील तर पाच टक्के निंबोळी अर्काने काम भागते. शेजाऱ्याने पंप पाठीवर घेतला म्हणून आपणही घ्यायचा, दुकानदाराने दोन बाटल्या दिल्या म्हणून दोन्ही एकत्र करून मारायच्या, हे थांबले पाहिजे. नको तिथे जहाल औषध मारले की अळी खाणारे मित्रकिडेही मरतात आणि मेलेली अळी खाऊन पाखरूही मरते. मग पुढच्या अळीला रान मोकळेच.

आता पाखरांची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर कोणी म्हणेल, साहेबांचे रान पाखरांनी खाल्लेले दिसत नाही. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात. हजारोंनी येतात आणि कणसे मोकळी करून जातात. चिमण्या, होले, पोपट असतातच. ज्याचे रान एकटेच आधी पिकते, त्याच्यावर सगळा मार बसतो. म्हणून शिवारातली पेरणी शक्यतो एका वेळी आणि एकाच कालावधीच्या वाणाची करावी. म्हणजे नुकसान वाटले जाते. कणसे भरताना ज्वारीत पक्षीथांबे ठेवू नयेत. चमकणारी फीत, डबा, गोफण, सकाळ-संध्याकाळची राखण हे जुने उपाय आजही चालतात. कष्टाचे आहेत, पण चालतात.

विषाचे दाणे टाकणे हा मात्र उपाय नव्हे. उंदरासाठी किंवा भोरड्यांसाठी टाकलेले दाणे मोर खातो, तित्तर खातो, आणि कधी आपली कोंबडीही खाते. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्याला मारणे गंभीर गुन्हा आहे. कित्येकांच्या गोठ्यात फोरेटचा जुना पुडा अजून पडलेला असतो. पाखरांना अत्यंत घातक असलेल्या या औषधाची विक्री आणि वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. तो पुडा रानात रिकामा करू नका.

पाखरांना शत्रू ठरवले की काय होते, याचा धडा चीनने घेतलेला आहे. १९५८ साली तिथे चिमण्या धान्य खातात म्हणून सरकारनेच त्यांच्याविरुद्ध मोहीम काढली. थाळ्या-डबे वाजवून चिमण्यांना बसू दिले नाही, थकून पडेपर्यंत उडत ठेवले, घरटी मोडली. चिमण्या गेल्या आणि किडी माजल्या. कारण चिमणी स्वतः दाणा खात असली तरी पिलांना भरवते ते किडे आणि अळ्या. शेवटी १९६० साली शत्रूंच्या यादीतून चिमणीचे नाव काढून ढेकणाचे घालावे लागले.

आपल्याकडचा धडा गिधाडाचा आहे. फेरीत बरोबर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की गिधाडांचा थवा उतरायचा आणि थोड्या वेळात हाडे उरायची. आज तिथे कुत्र्यांच्या टोळ्या असतात. जनावराला टोचलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मढ्यातून गिधाडाच्या पोटात गेले आणि त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त देशातून नाहीशी झाली. जनावरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर २०२३ साली आली. मेलोक्झिकॅम हे गिधाडाला सुरक्षित औषध मिळते. बैलाला सुई देताना डॉक्टरांकडे त्याचीच मागणी करा. बंदी आली तरी आपल्या शिवारावरचे आभाळ अजून रिकामेच आहे. गेलेले पाखरू सहजासहजी परत येत नाही.

आणि आता बांधावरचे झाड. पाखरांचा सगळा संसार त्याच्यावर चालतो, आणि सगळ्यात आधी कुऱ्हाड पडते ती त्याच्यावरच. कधी सावलीने पीक मारते म्हणून, कधी ट्रॅक्टर वळत नाही म्हणून, कधी दोन भावांच्या वाटणीत झाड कोणाचे ते ठरत नाही म्हणून. ओढा खोल करायला यंत्र येते आणि काठची चाळीस-पन्नास वर्षांची झाडे एका दुपारी आडवी होतात. पाणी साठावे हे बरोबरच आहे. पण काठ उघडा केला की पावसात तोच काठ ढासळून ओढ्यात येतो आणि गाळ पुन्हा साचतो.

सावलीची तक्रार खोटी नाही. बाभळीखालच्या दोन-चार ओळी कमजोर राहतात. त्याला उपाय म्हणजे खालच्या फांद्या छाटणे. त्यातून शेळीला पाला आणि चुलीला सरपण मिळते. वरचा शेंडा राहिला तरी कोतवालाला पुरे. पूर्ण झाड तोडून मिळणारी दोन ओळींची ज्वारी आणि त्या झाडावरून रान राखणारी पाखरे, यांचा हिशेब ज्याने त्याने आपल्या रानात करून बघावा.

गेल्या येळवशीला एका घरी जेवायला बोलावले होते. कोप छान उभी केली होती, आंबील तर विचारू नका. पण पंगत बसली ती ताडपत्रीच्या सावलीत. नऊ एकरांच्या त्या रानात एकही झाड नव्हते. झोका कुठे बांधायचा म्हणून नातू रडत होता आणि आजोबा मान खाली घालून म्हणाले, "होती एक चिंच. वाटण्या झाल्या तेव्हा गेली." त्या दुपारी त्या रानात मला एका पाखराचा आवाज ऐकू आला नाही.

म्हणून ही विनंती. येळवशीला तासभर लवकर निघा. गप्पा कमी करा, पोरांना मोबाइल घरी ठेवायला सांगा. जे पाखरू दिसेल त्याचे गावातले नाव म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि पोरांकडून वहीत लिहून घ्या. कोणत्या झाडावर दिसले तेही लिहा. ती वही शाळेत जाऊ द्या. पुढच्या येळवशीला पुन्हा लिहा आणि दोन्ही वर्षे ताडून पाहा. ग्रामपंचायतीने ओढ्याचे काम काढले तर यंत्र लावण्याआधी हीच वही हातात घेऊन एकदा काठाने चालावे आणि ठेवायच्या झाडांना चुन्याचा पट्टा ओढावा.

परत येताना ज्या झाडाखाली आपली पंगत बसणार आहे, त्याच्याकडे एकदा वर बघा. फांदीवर एखादा होला तरी बसलेला असेल. आणि आपल्या रानात पंगतीला झाड उरले नसेल, तर या पावसाळ्यात एक चिंच किंवा बाभूळ बांधावर लावा. त्याला झोका बांधायला नातवाला काही वर्षे थांबावे लागेल. पण कोतवाल त्याच्या आधीच येऊन बसेल.