पुन्हा पहिलीपासून



समजा, तुम्ही सातवीत आहात. वार्षिक परीक्षा झाली, निकाल लागला आणि गुरुजी म्हणाले, "बाळ, तुझं जरा कच्चं राहिलंय. तू पुढच्या वर्षी सहावीत बस." काय कराल? रागारागानं शाळाच सोडून द्याल, की दप्तर उचलून मुकाट्यानं सहावीच्या वर्गात जाल?

हसू नका! आज ज्या गावाची गोष्ट सांगणार आहे, त्या गावातल्या फुटबॉल क्लबांवर नेमकी हीच वेळ आली होती. एकानं शाळा सोडली. दुसरा मात्र थेट पहिलीत जाऊन बसला.

गावाचं नाव ॲक्रिंग्टन. इंग्लंडच्या वायव्येला लँकेशायर नावाचा परगणा आहे, त्यात हे गाव. वस्ती साधारण पस्तीस हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. एके काळी इथं कापडगिरण्यांची धुराडी दिवसरात्र धूर ओकत असायची. आपला आणि या मुलखाचा जुना संबंध आहे, बरं का! १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिकडचा कापूस यायचा बंद झाला, तेव्हा आपल्याकडच्या कापसाच्या गासड्या मुंबई बंदरातून जहाजांत चढायच्या आणि लँकेशायरच्या गिरण्यांसाठी रवाना व्हायच्या.

या गिरण्या शनिवारी दुपारी लवकर सुटू लागल्या. मग कामगार काय करणार? फुटबॉल! गल्लोगल्ली संघ निघाले. १८८८ मध्ये इंग्लंडमधल्या बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली. जगातली ही पहिली फुटबॉल लीग. त्या बारांत ॲस्टन व्हिला होता, एव्हर्टन होता आणि या छोट्या गावचा ॲक्रिंग्टन क्लबही होता. केवढी मोठी गोष्ट!

पुढे १८९२ मध्ये लीगमध्ये दुसरा वर्ग आला. पहिल्या वर्गात जे संघ तळाला राहतील, त्यांनी दुसऱ्या वर्गातल्या चांगल्या संघांशी एक कसोटीचा सामना खेळायचा, असं ठरलं. १८९३ मध्ये ॲक्रिंग्टनवर ही पाळी आली. समोर होता शेफील्ड युनायटेड. ॲक्रिंग्टन हरला. आता खालच्या वर्गात खेळायला हवं होतं. पण लीग ज्यांनी सुरू केली, त्यांनीच खाली बसायचं? क्लबनं साफ नकार दिला आणि लीगच सोडली. तीनेक वर्षांतच, १८९६ मध्ये, तो क्लब बंद पडला.

गावात आणखी एक छोटा संघ होता. १८९१ मध्ये स्टॅन्ली स्ट्रीट या रस्त्यावरच्या मंडळींनी तो काढला होता. मोठा क्लब गेल्यावर गावाचं नाव यानंच उचललं. हाच तो ॲक्रिंग्टन स्टॅन्ली. १९१९ मध्ये त्याला पील पार्क हे मैदान मिळालं आणि १९२१ मध्ये लीगच्या तिसऱ्या वर्गात जागाही मिळाली. चाळीस वर्षं गावानं शनिवारची दुपार पील पार्कवर घालवली.

मग घोडं कुठं अडलं? पैशात! १९५८ मध्ये क्लबनं एक जुना स्टँड विकत घेतला. दक्षिण इंग्लंडमध्ये ऑल्डरशॉट इथं लष्कराच्या कवायती पाहायला बसणाऱ्या लोकांसाठी तो बांधलेला होता. किंमत १,४५० पौंड. स्वस्तात मिळाला म्हणून सगळे खूश! पण तो सुटा करायचा, देशाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा, पुन्हा उभा करायचा, हा खर्च किमतीच्या कितीतरी पट झाला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तसं झालं. त्यात प्रेक्षकही कमी होत गेले. शेजारीच ब्लॅकबर्न आणि बर्नली या गावांचे बलाढ्य क्लब होते. लोक तिकडं जाऊ लागले.

कर्जाचा डोंगर साठ हजार पौंडांच्या आसपास पोचला. १९६२ चा मार्च उजाडला. हंगाम अर्ध्यावर होता आणि क्लबनं लीगला राजीनाम्याचं पत्र पाठवलं. नंतर थोडी मदत मिळायची आशा दिसली, तेव्हा क्लबनं पत्र परत मागितलं. पण लीगचे सचिव ॲलन हार्डेकर यांनी ते ग्राह्य धरलं नाही. एकदा दिलेला राजीनामा तो राजीनामा! त्या हंगामातले ॲक्रिंग्टनचे सगळे निकाल तक्त्यातून पुसून टाकले गेले. त्यांची रिकामी जागा ऑक्सफर्ड युनायटेड या क्लबला मिळाली. ऑक्सफर्डचं नाव लक्षात ठेवा हं!

स्टॅन्ली आणखी काही वर्षं लहान स्पर्धांत धडपडला आणि १९६६ मध्ये तोही बंद पडला. पील पार्कवरचे स्टँड पुढं नाहीसे झाले. गवत तेवढं राहिलं. ते मैदान आता शेजारच्या पील पार्क प्राथमिक शाळेची मुलं वापरतात. फुटबॉल तिथून अगदीच हटला नाही म्हणायचा!

गोष्ट संपली असं वाटलं ना? थांबा.

१९६८ मध्ये गावातली काही माणसं एका कामगार क्लबात जमली आणि त्यांनी ठरवलं, आपण पुन्हा सुरुवात करायची. नाव तेच, ॲक्रिंग्टन स्टॅन्ली. जुनं मैदान हाती नव्हतं, मग क्राउन ग्राउंड हे दुसरं मैदान पाहिलं. १९७० मध्ये संघ मैदानात उतरला. कुठल्या स्पर्धेत? लँकेशायर कॉम्बिनेशनमध्ये. जुना क्लब जिथं शेवटी खेळत होता, तीच ही छोटी स्थानिक स्पर्धा. लीगच्या मोठ्या वर्गापर्यंत जायला मध्ये कितीतरी पायऱ्या होत्या. पण आम्ही एकेकाळी लीगमध्ये होतो, असं म्हणून कुणी अडून बसलं नाही.

वर्षं गेली. कधी पायरी वर, कधी खाली. १९८०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडच्या दूरदर्शनवर दुधाची एक जाहिरात लागायची. दूध प्यायलं नाहीस तर ॲक्रिंग्टन स्टॅन्लीकडूनच खेळावं लागेल, असा त्यातला विनोद होता. अख्खा देश हसला! गावाला काय वाटलं असेल, विचार करा. पण त्या विनोदामुळंच, जिथं हा क्लब कुणाला ठाऊकही नव्हता, तिथंही त्याचं नाव पोचलं.

१९९९ मध्ये जॉन कोलमन व्यवस्थापक म्हणून आले आणि संघ भराभर पायऱ्या चढू लागला. २००६ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये परत आला. तब्बल ४४ वर्षांनी! आणि त्याच वर्षी लीगमधून जे दोन संघ खाली गेले, त्यांत एक कोण होता, सांगा पाहू? ऑक्सफर्ड युनायटेड! १९६२ मध्ये ज्याला ॲक्रिंग्टनची जागा मिळाली होती, तोच.

पण ऑक्सफर्डला हसायचं नाही. तेही खाली गेले, खेळत राहिले, २०१० मध्ये लीगमध्ये परतले आणि २०२४ मध्ये देशातल्या दुसऱ्या वर्गापर्यंत जाऊन पोचले. ॲक्रिंग्टननं २०१८ मध्ये आपला वर्ग जिंकून वरची पायरी गाठली आणि २०२३ मध्ये पुन्हा एक पायरी खाली उतरले. या वेळी राजीनामा वगैरे काही नाही. पुढच्या हंगामाला संघ हजर!

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या गावात, वाडीत किंवा पेठेत एखादं खेळाचं मैदान असेलच. फुटबॉलचं, कबड्डीचं, खो-खोचं, कुठलंही चालेल. त्याची जागा कुणी दिली? दगड कुणी वेचले? पहिला संघ कुणी काढला? तो आज खेळतो का? नसेल, तर का बंद पडला? आजोबांना विचारा, शाळेच्या शिपाईकाकांना विचारा, आणि जे कळेल ते तारखांसह वहीत लिहून ठेवा. संघ बंद पडलेला असेल, तर वहीच्या शेवटच्या पानावर गल्लीतल्या अकरा मुलामुलींची नावं लिहायला विसरू नका.

— तुमचे गुरुजी