बोलणारा डॉक्टर की टोचणारा?

वाचकहो, आज थोडी शब्दांची नाडी पाहू.

डेन्मार्कमध्ये डॉक्टरला 'लेय' म्हणतात. जखम भरून येणे, बरे करणे यासाठीही त्यांच्याकडे हाच शब्द आहे. तो जर्मानिक कुळातला. स्वीडनमध्ये त्याचा भाऊ 'लेकारे', तर चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलमध्ये 'लेकीस'. जुन्या इंग्रजीत तर वैद्य आणि रक्त शोषणारी जळू या दोघांनाही एकच शब्द आढळतो! आजच्या इंग्रजीत 'लीच' म्हणजे जळूच उरली. वैद्य मागे पडला.

या शब्दाच्या मुळाविषयी एक मत मोठे मननीय आहे. काही अभ्यासकांच्या मते त्याचा मूळ अर्थ 'बोलणारा', म्हणजे रोग्यापाशी बसून मंत्र म्हणणारा, असा असावा. आता आपले शब्द पाहा. 'डॉक्टर' हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ शिकवणारा. 'वैद्य' म्हणजे विद्या जाणणारा. बोलणारा, शिकवणारा, जाणणारा! 'सुई टोचणारा' असा अर्थ यांपैकी एकाही शब्दात नाही.

आणि आपल्याकडे? साध्या सर्दीलाही इंजेक्शन हवे. ज्याने टोचले नाही तो डॉक्टर कसला, अशी समजूत. विषाणूंमुळे होणारी सर्दी बहुधा आठवडाभरात आपोआप बरी होते; इंजेक्शनने ती लवकर जात नाही. उलट टोचल्या जागी गळू होऊ शकते. सुई निर्जंतुक नसेल तर 'हेपेटायटिस बी'सारखी कावीळ किंवा एड्सचे विषाणूही शरीरात जाऊ शकतात. सलाईनचेही तसेच. ते म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. ज्याला तोंडाने पिता येते, त्याला नुसत्या अशक्तपणासाठी बाटली लावण्याची गरज नसते.

दोष एकट्या पेशंटचा नाही. बोलायला वेळ लागतो, टोचायला मिनिट पुरते. शिवाय लोक फी देतात ती सुईची, सल्ल्याची नव्हे. म्हणून डॉक्टरही सोपी वाट धरतात. आमच्या व्यवसायाने हे मान्य केलेच पाहिजे.

गंभीर आजारात इंजेक्शन प्राण वाचवते. तिथे ते नाकारू नये. पण एरवी दवाखान्यात गेल्यावर एवढेच विचारा: "मला नेमके काय झाले आहे? औषध कशासाठी? पथ्य काय?" समजावून सांगणारा डॉक्टर भेटला, तर त्याने टोचले नाही म्हणून दवाखाना बदलू नका.