सोडून देण्याचे पुण्य

मराठी मनाला कासव परके नाही. शंकराच्या देवळात दगडी कासवाला हात लावून नमस्कार केल्यावाचून आपण गाभाऱ्याकडे वळत नाही. कासवी केवळ नजरेने पिले वाढवते, ही कल्पना तर संतांच्या काव्यात इतकी रुळली की ती आता उपमा वाटेनाशीच झाली आहे. वास्तवात मादी काठावर अंडी घालते आणि निघून जाते. तरीही त्या कवितेतले सत्य उणावत नाही, कारण ते कासवाविषयी नसून मायेविषयी आहे. जीव आपला म्हटला की नजर त्याच्यावर राहिली पाहिजे, एवढेच ते सांगते.

ही आठवण होण्याचे कारण एक दुसरे कासव आहे. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हे कासव मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. इंग्रजीत त्याला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. आपल्याकडची देशी कासवे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने विकता येत नाहीत. म्हणून शोभेच्या माशांच्या दुकानांतून हे परदेशी पिलू, वास्तुदोष घालवणारे, भाग्य आणणारे म्हणून विकले जाते. घेताना ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडेसेच मोठे असते. पुढे ते जेवणाच्या ताटलीएवढे होते आणि तीस-तीस वर्षे जगते, हे मात्र कोणी सांगत नाही. मग काचपेटी अपुरी पडते, पाण्याला वास येऊ लागतो, मुले शिक्षणासाठी बाहेरगावी जातात, आणि एके दिवशी कासव नदीत, विहिरीत किंवा देवळाच्या तळ्यात जाते. घरात सांगितले जाते, ‘बिचाऱ्याला मोकळे केले.’

माझा आक्षेप या ‘मोकळे’ शब्दाला आहे. एखाद्या गोष्टीवरचा हक्क आणि तिची आशा दोन्ही टाकली, की तिच्यावर ‘पाणी सोडले’ असे आपण म्हणतो. कासव पाण्यात सोडणारा वस्तुतः त्याच्यावर पाणीच सोडत असतो. आपण टाकून देतो आणि त्याला जीवदान म्हणतो.

या जीवदानाची किंमत इतरांनी मोजली आहे. जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे. युरोपीय संघाने त्याची आयात १९९७ मध्येच थांबवली. गुवाहाटीजवळच्या दीपोर बील या पाणथळीत आणि शहरातल्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात ते २०१८ मध्ये सापडले. फ्लोरिडातले उदाहरण तर याहून मोठ्या प्राण्याचे आहे. हौसेने पाळलेले ब्रह्मदेशी अजगर तिथल्या एव्हरग्लेड्स या दलदलीत सुटले, वाढले. तिथे रॅकून दिसण्याचे प्रमाण सुमारे ९९ टक्क्यांनी घटल्याचे २०१२ च्या अभ्यासात आढळले. हाच अजगर ईशान्य भारताच्या रानात घरचा आहे, तिथे तो कोणाचा शत्रू नाही. तेव्हा दोष प्राण्याचा नाही, त्याला उचलून भलत्या जागी ठेवणाऱ्या हाताचा आहे.

आपल्या जिल्ह्याला हे दूरचे वाटू नये. ज्या प्रवरेच्या काठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तीच पुढे टोक्याजवळ गोदावरीला मिळते आणि जायकवाडीच्या फुगवट्यात विसावते. हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे. गोदावरी, भीमा या नद्या लीथच्या मऊ पाठीच्या कासवाचे घर आहेत. हे कासव इतके दुर्मीळ झाले आहे, की २०२२ मध्ये भारताच्या प्रस्तावावरून त्याला आंतरराष्ट्रीय व्यापाराविरुद्ध सर्वांत कडक संरक्षण मिळाले. त्याच्या पाण्यात गोगलगायी, बेडूकमाशा, मासे, पाणवनस्पती असे जे मिळेल ते खाणारा, चिवट वाटेकरी आपण हौसेने का सोडावा? जलपर्णी आणि घाणेरी याही या देशात शोभेसाठीच आणल्या गेल्या होत्या. आज नद्या आणि डोंगर त्यांनी वेढले आहेत, आणि त्या उपटता उपटत नाहीत.

कोणी म्हणेल, नद्या वाळूउपशाने आणि सांडपाण्याने मरत असताना एका कासवाची काय कथा? वाळूउपसा आणि सांडपाणी हे मोठे गुन्हे आहेतच. परंतु दुबळ्या झालेल्या नदीतच असा चिवट पाहुणा तग धरतो. देशी कासव अंडी घालते ती वाळू आपण नेली, आणि उरलेल्या पाण्यात त्याचा प्रतिस्पर्धी आणून सोडला. हे दोन गुन्हे एकमेकांना हात देतात.

कायद्याची वाट थोडी उजळली आहे. वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, व्यापार आणि बाळगणे यांवर नियंत्रण आणण्याचा अधिकार केंद्राला दिला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पण तळ्याकाठी रात्री रिकामी होणारी बादली कोणता कायदा पाहणार? ते काम देवस्थानांच्या विश्वस्तांचे, शाळांचे आणि घराघरांतल्या वडीलधाऱ्यांचे आहे. विकत घेऊ नये, हे पहिले. घेतलेच असेल तर ते शेवटपर्यंत सांभाळावे, हे दुसरे. तेही जमत नसेल तर वनविभागाला विचारावे. पाण्यात मात्र सोडू नये.

ज्या अहिल्याबाईंचे नाव आज या जिल्ह्याला आहे, त्यांनी घाट आणि विहिरी बांधल्या त्या पाण्याचा आदर म्हणून. आपल्या नकोशा झालेल्या वस्तू ठेवण्याची ती अडगळीची खोली नव्हे.