जंगलाची राखण आणि लाभाचा वाटा

डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे जगातील बहुतेक राष्ट्रांनी २०३० पर्यंत ३० टक्के भूमी व सागर संरक्षित करण्याचा संकल्प केला. तो स्तुत्यच आहे. परंतु जैवविविधतेचा प्रश्न जितका निसर्गाचा, तितकाच न्यायाचा आहे, असे मी मानतो.

केरळमधील काणी आदिवासींचे उदाहरण बोलके आहे. १९८७ मध्ये त्यांनी शास्त्रज्ञांना थकवा घालवणाऱ्या ‘आरोग्यपच्चा’ या वनस्पतीची ओळख करून दिली. तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले आणि परवाना शुल्क व स्वामित्वधनाचा निम्मा वाटा काणींना देण्याचे ठरले. लाभवाटपाचा नागोया करार त्यानंतर कित्येक वर्षांनी, २०१० मध्ये झाला.

आता वनस्पतीला हात न लावताही तिची जनुकीय माहिती संगणकावर वापरता येते. म्हणून २०२५ मध्ये ‘काली निधी’ स्थापन झाला. अशा माहितीवर कमावणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का अथवा महसुलाचा ०.१ टक्का द्यावा आणि किमान निम्मी रक्कम आदिवासी व स्थानिक समुदायांसाठी खर्च व्हावी, अशी अपेक्षा आहे. मात्र हे देणे ऐच्छिक आहे.

भारतानेही २०२३ च्या कायदादुरुस्तीत ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटपातून सूट दिली. परंतु ग्रंथातील ज्ञान मुळात कोणत्या जंगलातून आले, हे कोण ठरवणार? जगाकडे वाटा मागणाऱ्या देशाने तो प्रथम आपल्या घरात द्यायला हवा.