डोळ्यांखालची सूज आणि सातचं लेक्चर

ट्रॅडिशनल डे उद्यावर आलाय, साडी प्रेस करून हँगरला लागलीय, झुमक्यांचा सेट मैत्रिणीकडून आणून झालाय. आणि सकाळी आरशात बघावं तर डोळ्यांखाली दोन छोट्या उशा! मग ग्रुपवर मेसेज पडतो, ‘डोळे सुजलेत यार, पटकन काहीतरी सांगा.’ पाच मिनिटांत दहा उत्तरं. चमचे फ्रीजरमध्ये ठेव. काकडीच्या चकत्या लाव. बटाटा किसून लाव. ग्रीन टीच्या बॅगा ठेव. कुणाच्या आजीचा थंड दुधाच्या बोळ्यांवर विश्वास, कुणाच्या ताईकडे नवीन आय रोलर. मुलंही यात मागे नाहीत. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री तीही हेच शोधतात, फक्त ग्रुपवर न विचारता गुपचूप.

या उपायांची टिंगल मला करायची नाही. त्यातले बरेचसे अर्धा-एक तास खरंच कामाला येतात. पण ‘सूज घालवू कशी?’ हे आपण रोज विचारतो आणि ‘ही रोज येते कुठून?’ हे कधीच विचारत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत याचं उत्तर बाथरूमच्या कपाटात नाही, टाइमटेबलमध्ये आहे.

आधी हे नक्की होतं काय ते बघू. पापण्यांची आणि डोळ्यांखालची त्वचा ही शरीरातली सगळ्यात पातळ त्वचा, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्याखालचा भाग सैल असतो, त्यामुळे शरीरातलं जास्तीचं पाणी तिथे पटकन जमतं आणि पटकन दिसतं. दिवसभर आपण उभे-बसलेले असतो तेव्हा हे पाणी खाली उतरतं. रात्री आडवं झालं की ते चेहऱ्याकडेही पसरतं. पालथं झोपायची सवय असेल तर जरा जास्तच. म्हणून सूज सकाळी सर्वांत जास्त आणि दुपारपर्यंत बरीच कमी. ‘लेक्चरला भूत, कँटीनला हिरो’ यामागचं शास्त्र एवढंच.

आपण इथे एक घोळ नेहमी घालतो. सूज, काळी वर्तुळं आणि पिशव्या या तिन्हींना एकच समजतो आणि तिन्हींवर एकच क्रीम चोपडतो. सूज म्हणजे पाणी, ते येतं आणि जातं. काळी वर्तुळं म्हणजे त्वचेचा रंग किंवा पातळ त्वचेतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या. आणि पिशव्या म्हणजे डोळ्यांभोवतीची चरबी थोडी पुढे आलेली असणं, हे बऱ्याचदा घराण्यातूनच येतं. बाबांचे आणि आत्याचे जुने फोटो काढून बघा. त्यांच्याही डोळ्यांखाली तेच दिसत असेल तर ते काकडीने जाणारं नाही, आणि क्रीमने तर नाहीच.

आता उपायांकडे. चमचे, काकडी, बटाटा, टी बॅग या सगळ्यांत खरं काम करणारी गोष्ट एकच, ती म्हणजे गारवा. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि सूज तात्पुरती उतरते. मग तो गारवा काकडीचा असो की गार पाण्यात पिळून काढलेल्या स्वच्छ रुमालाचा. थायलंडमधल्या संशोधकांनी सुजलेल्या डोळ्यांवर कॅफिनचं जेल लावून एक छोटा अभ्यास केला होता. बहुतेकांच्या बाबतीत परिणाम दिसला तो कॅफिनपेक्षा जेलच्या गारव्याचा. म्हणजे ज्या ‘कॅफिन सिरम’साठी आपण पॉकेटमनीतून काहीशे रुपये मोजतो, त्याचं बरंचसं काम घरातला रुमाल फुकटात करतो. दहा मिनिटं पुरे. बर्फ मात्र थेट त्वचेवर घासू नका, कापडात गुंडाळा.

लिंबू, टूथपेस्ट असले रिल्सवरचे प्रयोग डोळ्यांच्या आसपासही नकोत. मूळव्याधीचं मलम डोळ्यांखाली लावायचा सल्लाही फिरत असतो, तोही नको. आणि मेडिकलवाल्या काकांकडून ‘गोरं करणारी’ किंवा ‘खाज घालवणारी’ म्हणून मिळणारी स्टेरॉइडची ट्यूब तर अजिबात नको. स्टेरॉइडने आधीच पातळ असलेली त्वचा आणखी पातळ होते आणि डोळ्यांजवळ दीर्घकाळ वापरलं तर काचबिंदू, मोतीबिंदूपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. विशीत मोतीबिंदू, तोही एका फोटोसाठी?

सकाळी उशीरा सुचणाऱ्या उपायांपेक्षा आदल्या रात्रीची प्लेट जास्त महत्त्वाची. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या खाण्यातला मिळून. हॉस्टेलवर रात्री एक वाजता होणारे इन्स्टंट नूडल्स, वर फरसाण, शेजवान चटणी आणि घरून आलेलं लोणचं, एवढ्यात त्या चमच्याचं काय होत असेल? पाकिटाच्या मागे सोडियमचा आकडा छापलेला असतो. २००० मिलिग्रॅम ही दिवसाची मर्यादा धरून तो एकदा वाचा. मी नूडल्स बंद करा म्हणत नाही, सबमिशनच्या रात्री तेच आपलं अन्नदाते असतात. मसाल्याची पुडी अर्धी टाका, एवढंच म्हणतोय.

बाकी कारणं साधी आहेत. महिनोन्महिने न धुतलेली उशीची खोळ, धूळ, पावसाळ्यातली भिंतीवरची बुरशी यांनी ॲलर्जी होते, डोळे खाजतात, आपण ते चोळतो आणि ते आणखी सुजतात. गॅदरिंगवरून दमून आल्यावर काजळ-लायनरसकट झोपणं आणि कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपणं हीही त्यातलीच. खोळ धुवा, मेकअप काढा, डोळे चोळू नका, एक उशी जास्त घेऊन डोकं थोडं उंच ठेवा. झालं. यादी संपली.

यादी एवढीच असेल तर मग आपल्या अख्ख्या वर्गाचे डोळे सकाळी सुजलेले का दिसतात? कारण यादीतली सगळ्यात मोठी गोष्ट कुणी विकत नाही. झोप.

स्वीडनमध्ये २०१३ साली एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा जणांचे फोटो दोनदा काढले, एकदा नीट झोपल्यानंतर आणि एकदा ३१ तास जागं ठेवल्यानंतर. मग चाळीस अनोळखी लोकांना ते फोटो दाखवले. न झोपलेल्या चेहऱ्यांवर त्यांना डोळे जास्त सुजलेले, लाल, पापण्या जड आणि वर्तुळं गडद दिसली. पण मला थांबवलं ते पुढच्या निष्कर्षाने. तेच चेहरे लोकांना जास्त दुःखीही वाटले. म्हणजे आपण जागरण करतो आणि समोरचा आपल्याला ‘काय रे, काही झालंय का?’ विचारतो, ते उगाच नाही.

अठरा ते पंचवीस वयाला सात ते नऊ तासांची झोप लागते, असं झोपेचे अभ्यासक सांगतात. यावर घरचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘मग रात्री लवकर झोपा ना, मोबाइल ठेवा बाजूला.’ मोबाइल बाजूला ठेवायला हवाच, त्यात वाद नाही. पण अर्धीच गोष्ट सांगितली जातेय. वयात येताना शरीराचं घड्याळ हळूहळू पुढे सरकत जातं आणि विशीच्या आसपास ते सर्वांत उशीरा चालतं, त्यानंतर पुन्हा मागे यायला लागतं. हे जर्मनीतल्या संशोधकांनी २००४ सालीच मांडलंय. म्हणजे रात्री अकराला झोप न येणं हा निव्वळ आळशीपणा किंवा ‘आजकालच्या मुलांची थेरं’ नाहीत, त्यात शरीराचाही वाटा आहे. आणि नेमक्या याच वयात आपल्याला सकाळी सातचं लेक्चर मिळतं.

सातचं लेक्चर म्हणजे नक्की कितीचं? बदलापूर, टिटवाळा किंवा विरारहून मुंबईत येणाऱ्याला विचारा. साडेचारचा अलार्म, पाच-सव्वापाचची लोकल, डब्यात उभ्याने डुलकी. तालुक्याच्या कॉलेजला येणाऱ्याला विचारा. पहिली एसटी चुकली तर थेट तिसरं लेक्चर. दुपारी सुटल्यावर क्लास, काहींचा पार्टटाइम जॉब, संध्याकाळी घरकाम, रात्री जर्नल. स्वतःचा असा वेळ उरतो तो रात्री अकरानंतरचा. तेव्हा हातातला फोन खाली ठेवायचं जिवावर येतं, कारण दिवसातला तो एकच तास आपल्या मालकीचा असतो. ही सवय चांगली नाही, पण ती कुठून येते हे समजून न घेता फक्त ओरडण्यात अर्थ नाही.

या प्रश्नाकडे सरकारने अजिबात बघितलेलं नाही असंही नाही. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं परिपत्रक काढलं. निर्णय चांगलाच आहे. पण गंमत बघा, छोटी मुलं तशीही पहाटे उठून घर डोक्यावर घेतात. ज्यांचं घड्याळ खरोखर उशीरा चालतं, ती दहावीच्या पुढची पोरं मात्र या हिशेबात नाहीतच. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक आणि हायस्कूल साडेआठच्या आधी सुरू करू नका असं सुचवलं आणि कॅलिफोर्नियाने तर हायस्कूलसाठी तसा कायदाच केला, तो २०२२ पासून लागू आहे.

आपल्याकडे अडचणी आहेत हे मान्य. एकाच इमारतीत सकाळी ज्युनिअर, दुपारी सीनिअर अशा पाळ्या चालतात. वर्ग कमी, विद्यार्थी जास्त. काहींना दुपारी काम करायचं असतं म्हणून त्यांना सकाळचंच कॉलेज सोयीचं पडतं. सगळी कॉलेजं उद्यापासून दहाला भरवा, असं कुणीच म्हणणार नाही. पण जिथे शक्य आहे तिथे निदान पहिलं लेक्चर आठच्या पुढे नेणं, लांबून येणाऱ्यांसाठी पहिल्या तासाच्या हजेरीत थोडी सवलत ठेवणं, एका दिवशी तीन विषयांची सबमिशन्स न लावणं, एवढं तर मागता येतं? स्टुडंट कौन्सिलच्या मीटिंगमध्ये डीजे कोणता आणायचा यावर दोन तास चर्चा होते. त्यातली दहा मिनिटं टाइमटेबलला द्या. प्राचार्य नाही म्हणतील, पण विचारलं तरी गेलं असं होईल.

आणि तोवर आपल्या हातात जे आहे ते आपण करावं. रविवारी बारापर्यंत झोपून आठवड्याचं कर्ज फिटत नाही, उलट घड्याळ आणखी पुढे जातं. उठायची वेळ रोज साधारण तीच ठेवा, संध्याकाळी सहानंतरचा टपरीवरचा कटिंग सोडा, फोन चार्जिंगला उशीपासून लांब लावा. नाइट मारून वाचलेलं सकाळी पेपरात आठवत नाही, हा अनुभव तर सगळ्यांचाच.

हे सगळं करूनही डोळ्यांखाली थोडा फुगीरपणा राहिलाच तर? राहू दे की. कोरियात खालच्या पापणीलगतच्या फुगीर भागाला ‘एग्यो साल’ म्हणतात. तिथे तो गोड आणि तरुण दिसण्याचं लक्षण मानला जातो आणि तो नसलेल्या मुली मेकअपने मुद्दाम काढून घेतात. रोज रात्री के-ड्रामा बघून ज्या चेहऱ्यांवर आपण फिदा होतो, त्यातलं हे एक. तिथे हौसेने रंगवतात तसाच फुगीरपणा आपण इथे फिल्टरने पुसतो. मग बिघाड चेहऱ्यात आहे की बघण्यात?

दोन गोष्टी मात्र गंभीरपणे घ्या. पहिली, सूज दिवसभर उतरत नसेल, सोबत पायही सुजत असतील, लघवीला खूप फेस येत असेल, किंवा वजन वाढतंय, सतत थकवा आणि थंडी वाजतेय असं असेल तर डॉक्टरकडे जा. किडनी किंवा थायरॉइडचं दुखणं कधी कधी आधी डोळ्यांभोवतीच दिसतं. एकच डोळा सुजून लाल झाला, दुखायला लागला किंवा दिसायला कमी आलं तर त्याच दिवशी जा. ब्लड आणि युरिन टेस्टचा खर्च महागड्या सिरमपेक्षा फार नसतो, आणि सरकारी रुग्णालयात तर तो आणखी कमी.

दुसरी गोष्ट डॉक्टरांच्या आधी आपल्याच हातात आहे. रात्रभर रडल्यावरही डोळे असेच सुजतात. बेंचवर शेजारी बसणारा किंवा बसणारी सलग चार दिवस तशा डोळ्यांनी येत असेल, तर ‘पांडा आला रे’ म्हणून हसू नका आणि काकडीचा सल्लाही देऊ नका. लेक्चर सुटल्यावर बाजूला घ्या, चहा सांगा आणि विचारा, ‘झोप होतेय ना नीट?’ त्यानंतर आपण गप्प बसायचं आणि समोरच्याला बोलू द्यायचं.