अवघड सूर कोणासाठी?

लोकांसाठी कला सोपी असावी, असे आपल्या वादविवाद स्पर्धांत हमखास म्हटले जाते. मीही ते टाळ्या घेत म्हटले आहे. पॉल रदरफर्ड ऐकल्यापासून मात्र ते माझ्या तोंडून निघत नाही.

रदरफर्ड हा इंग्लंडमधील आधुनिक जॅझचा ट्रॉम्बोनवादक. जन्म १९४० चा, लंडनच्या ग्रिनिच भागातला. १९५८ ते १९६३ तो ब्रिटिश हवाई दलाच्या बँडमध्ये होता. पुढे लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात शिकला. ट्रॉम्बोन हे सरकत्या नळीचे पितळी वाद्य. नळी मागेपुढे करून सूर कानाने पकडावा लागतो. रदरफर्ड फुंकता फुंकता वाद्यात गात असे आणि एकाच वेळी अनेक सूर उमटत. ठरलेली चाल नाही, ठेका नाही. सुचेल ते तिथल्या तिथे. त्याचे १९७४ सालचे असे एकट्याचे वादन 'द जेंटल हार्म ऑफ द बूर्झ्वाझी' या तबकडीवर आहे.

हा माणूस साम्यवादी होता. डेरेक बेली व बॅरी गाय यांच्यासह १९७० मध्ये काढलेल्या त्रयीचे नाव 'इस्क्रा १९०३'. इस्क्रा म्हणजे ठिणगी. लेनिनच्या वृत्तपत्राचे हे नाव. मग आक्षेप येतोच: श्रमिकांच्या बाजूचा माणूस, आणि त्याचे संगीत ऐकणारे मूठभर! ही विसंगती नव्हे काय?

मला ती वाटत नाही. श्रमिकाला सोपेच कळेल, हे ठरवले कोणी? माझ्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. 'तुला झेपायचे नाही, सोपा विषय घे,' हे मी मायेनेही ऐकले आहे आणि तुच्छतेनेही. परिणाम एकच होतो. रदरफर्ड प्रथम ऐकला तेव्हा दहा मिनिटांत कंटाळलो. तिसऱ्या खेपेला त्या घरघरीतला माणसाचा गळा ओळखू आला. कोणी समजावून दिले नव्हते.

आक्षेपात तथ्य मुळीच नाही, असे नाही. अवघड कलेपर्यंत नेणारी वाट हवी: ग्रंथालय हवे, शिक्षक हवा, परवडणारे तिकीट हवे. ती नसेल तर वाट बांधावी. डोंगर कशाला खोदून सपाट करायचा?

२००७ साली रदरफर्ड वारला. मोठी लोकप्रियता त्याला लाभली नाही. पण श्रोत्याला कमी लेखून त्याने सूर सोपा केला नाही. श्रमिकांचा याहून मोठा मान मला तरी दिसत नाही.

(द्वितीय वर्ष, कला)